जपानी खरेदीदार आणि भारतीय पुरवठादार: घासाघीस नेमकी कधी होते?

जपानी कंपन्यांशी व्यवहार करणाऱ्या आपल्या उद्योजकांची एक ठरलेली तक्रार असते: ‘ही मंडळी निर्णयच घेत नाहीत. बैठकांवर बैठका होतात, शंभर प्रश्न विचारतात, पण ऑर्डरचं नाव काढत नाहीत.’ भारतात काम करणाऱ्या जपानी व्यवस्थापकांचं रडगाणं बरोबर उलटं: ‘इथे सगळं झटपट ठरतं, आणि ठरल्यावर रोज बदलतं.’ दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. शंका, हरकती, दरावरची ओढाताण हे कुठल्याही व्यवहारात येणारच. जपानमध्ये ते निर्णयाआधी उरकून घेतात. आपल्याकडे निर्णय आधी होतो आणि ओढाताण अंमलबजावणीच्या वाटेवर चालू राहते. हा एक फरक ध्यानात ठेवला, तर बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

तो कसा, हे पाहण्यासाठी एक ऑर्डर पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत चालवून बघू. समजा, चाकणच्या एमआयडीसीत मशिनिंग करून सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना आहे, आणि त्याला एका जपानी वाहन कंपनीचं काम मिळवायचं आहे.

पहिली भेट

जपानी बाजूने बहुधा चार-पाच जण येतात: खरेदी, गुणवत्ता, उत्पादन, कधी डिझाइन विभागाचाही एखादा. आपल्या बाजूने मालक आणि फार तर मार्केटिंगचा माणूस. व्हिजिटिंग कार्डं दोन्ही हातांनी दिली-घेतली जातात. मिळालेलं कार्ड वाचून टेबलावर समोर ठेवतात. ते तसंच खिशात कोंबणं किंवा त्यावर पेनाने काही खरडणं असभ्य मानतात. पाहुण्यांना दारापासून लांबच्या बाजूला बसवतात. हे शिष्टाचार लवकर शिकता येतात, आणि त्यात चूक झाली तरी परक्या माणसाला माफ असते. खरा घोटाळा पुढे होतो.

आपला मालक सवयीने समोरच्या सर्वांत ज्येष्ठ माणसाकडे बघून बोलतो, कारण आपल्याकडे ‘हो’ म्हणणारा तोच असतो. जपानी बैठकीत हा ज्येष्ठ माणूस कित्येकदा सर्वांत कमी बोलतो. कोपऱ्यात बसून टिपणं काढणाऱ्या तिशीतल्या इंजिनिअरकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवं. प्रस्तावाचा मसुदा बहुधा त्याच्या पातळीवरच तयार होणार असतो. त्याने विचारलं, ‘या मशिनचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं?’ आणि मालक म्हणाला, ‘त्याची काळजी सोडा हो, आमच्याकडे सगळं चोख आहे,’ तर त्याच्या वहीत उत्तराची जागा रिकामीच राहते. रिकामी जागा घेऊन त्याला पुढे जाता येत नाही. मग पंधरा दिवसांनी तोच प्रश्न ईमेलने येतो आणि आपण वैतागतो.

नकार तोंडावर दिला जात नाही. ‘विचार करून सांगतो’ किंवा ‘जरा अवघड दिसतंय’ असं ऐकू आलं, की बहुतेक वेळा विषय तिथे संपलेला असतो. लग्नाच्या बोलणीतलं ‘कळवतो’ ज्याला बरोबर उमगतं, त्याला हे ओळखणं जड जाऊ नये. उलट प्रश्न वाढत गेले, तेही बारीकसारीक होत गेले, तर ते शुभलक्षण समजावं. ज्या पुरवठादारात रस नाही, त्याच्या कटिंग ऑइलचा ब्रँड कुणी विचारत बसत नाही.

शांततेचंही तसंच. दर सांगितल्यावर समोरचे लोक मिनिटभर गप्प बसले, तर ते आकडा तोलत असतात. आपल्याला ती शांतता सोसवत नाही आणि कुणी मागितलेली नसताना आपण पाच टक्के सूट जाहीर करून बसतो.

ठराव वर कसा चढतो

भेट संपल्यावर जपानी कंपनीत जे घडतं ते आपल्याला दिसत नाही, आणि खरं काम तिथेच होतं. मसुदा करणारा माणूस आधी संबंधित विभागांत एकेकाला गाठतो. गुणवत्ता विभागाची शंका काय, वित्त विभागाला कशाची भीती वाटते, उत्पादनवाल्यांना डिलिव्हरी किती दिवसांत हवी, हे तो विचारून घेतो आणि मसुद्यात तसे बदल करतो. या पूर्वतयारीला ‘नेमावाशी’ म्हणतात. मग औपचारिक ठराव फिरतो. तो ‘रिंगीशो’. परंपरेने या कागदावर प्रत्येक विभागप्रमुख आपला शिक्का उमटवत जातो. अनेक कंपन्यांत आता हे संगणकावर होतं. वर पोहोचेपर्यंत ठरावाला सगळ्यांची संमती मिळालेली असते. मग होते ती मोठी बैठक, आणि तिच्यात वाद होत नाही. झालाच, तर तयारी कच्ची राहिली असं समजतात.

भारतीय पद्धतीत मोठी बैठक हाच आखाडा असतो. तिथे मतं मांडली जातात, आवाज चढतात, शेवटी साहेब निकाल देतात. खालच्या विभागांना तो निकाल नंतर कळतो आणि त्यांच्या हरकती काम सुरू झाल्यावर बाहेर येतात. निर्णयाला लागलेला वेळ इथे वाचतो खरा, पण तो पुढे दुरुस्त्यांमध्ये खर्च होतो.

या यंत्रणेचा एक परिणाम आपल्या उद्योजकांना फार छळतो. ठराव सगळ्यांच्या संमतीने झाल्यामुळे एकदा मंजुरी मिळाली की काम धडाक्याने सुरू होतं. ‘सहा महिने गप्प होते आणि आता सहा आठवड्यांत नमुने मागतात,’ हा अनुभव त्यातूनच येतो. पण एखादी छोटी अट नंतर बदलायची म्हटली, तर तो कागद पुन्हा त्याच वाटेने फिरवावा लागतो. आपल्या दृष्टीने ‘फक्त पेमेंट ४५ दिवसांऐवजी ३० दिवसांत करा’ ही फोनवर सुटणारी बाब असते. त्यांच्यासाठी ती सात विभागांची संमती नव्याने मिळवण्याची बाब असते. म्हणून जे मागायचं ते मसुदा फिरायच्या आधी मागावं. नंतर मागितलेली वाजवी गोष्टही अवाजवी ठरते.

दराची गोष्ट

आपल्याकडे पहिला दर हा घासाघिशीसाठी असतो. समोरचा कमी करणारच, म्हणून आपण दहा-पंधरा टक्के चढवून सांगतो आणि शेवटी उतरतो, दोघेही खूश. जपानी खरेदी विभागासमोर असा दर एका बैठकीत बारा टक्क्यांनी खाली आला, तर त्यांच्या मनात आनंदापेक्षा संशय जास्त येतो. पहिला आकडा कशावर बेतला होता? आणि आता कापलेले बारा टक्के कुठून निघणार, मालाच्या दर्जातून?

जपानी वाहन कंपन्यांचा हिशेब उलट्या दिशेने चालतो. गाडी बाजारात किती किमतीला विकली जाईल हे आधी ठरतं, त्यातून नफा वजा होतो आणि उरलेली रक्कम सुट्या भागांवर वाटली जाते. त्या भागासाठी अमुक रुपयांपेक्षा जास्त देता येत नाही, हे त्यांना आधीच माहीत असतं. म्हणून ते दराऐवजी खर्चाचा तक्ता मागतात: कच्चा माल किती, सायकल टाइम किती सेकंद, स्क्रॅप किती, वीज किती. आपल्याला वाटतं, हे आपलं गुपित काढून घेताहेत. काही वेळा ती भीती रास्तही असते. पण तक्ता खरा असेल, तर त्यांचे इंजिनिअर शॉप फ्लोअरवर येऊन सायकल टाइममधले चार सेकंद कमी कसे करायचे हेही दाखवतात. त्या बदल्यात दर काही काळाने थोडा उतरवण्याची अपेक्षा धरतात. पहिल्या दिवशी एकदम मोठी सूट आणि पुढे दरवर्षी भाववाढीची मागणी, ही आपली रीत त्यांच्या हिशेबात बसत नाही.

करार

जपानी कंपन्यांचे आपसातले करार पुष्कळदा आटोपशीर असतात. करारात न लिहिलेली परिस्थिती उद्भवल्यास दोन्ही पक्ष सद्भावनेने चर्चा करून मार्ग काढतील, असं एक कलम त्यांत बहुधा असतंच. मात्र परदेशात व्यवहार करताना ते प्रत्येक शक्यता लिहून घेतात आणि लिहिलेलं अक्षरशः पाळलं जाईल असं धरून चालतात.

टाटा आणि डोकोमोचं प्रकरण यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. जपानच्या एनटीटी डोकोमोने २००९मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये सुमारे २६ टक्के हिस्सा घेतला. धंद्याने ठरलेली उद्दिष्टं गाठली नाहीत तर डोकोमोला मूळ किमतीच्या किमान निम्म्या भावाने, म्हणजे शेअरमागे ५८.०५ रुपयांना, बाहेर पडता येईल अशी अट होती. २०१४मध्ये डोकोमोने ती वेळ आल्याचं सांगितलं. दरम्यान रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार परदेशी गुंतवणूकदाराला रास्त बाजारमूल्यानेच बाहेर पडता येत होतं, आणि ते शेअरमागे २३.३४ रुपये निघत होतं. टाटांची अडचण कायद्याची होती. डोकोमोच्या लेखी शब्द दिला होता आणि तो पाळायचा होता. लंडनच्या लवादाने २०१६मध्ये सुमारे ११७ कोटी डॉलर देण्याचा निवाडा दिला. २०१७च्या सुरुवातीला दोन्ही पक्षांनी तडजोड केली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि पैसे दिले गेले. आपल्या देशात नियम आडवा येऊ शकतो, ही शक्यता कराराच्या टेबलावरच खुलेपणाने मांडून तिच्यावर तोडगा लिहून ठेवणं किती मोलाचं असतं, ते यातून कळतं.

निर्णय आधी आणि ओढाताण नंतर, या आपल्या रीतीचं सरकारी पातळीवरचं उदाहरण म्हणजे मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन. जपानचं कर्ज ०.१ टक्के व्याजाचं, ५० वर्षांत फेडायचं. पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ला झाली. जमीनधारकांशी बोलणी, पालघरमधला विरोध, मोबदल्याचे वाद आणि विक्रोळीतल्या जागेचा कोर्टकज्जा मात्र त्यानंतर कित्येक वर्षं चालले. भूसंपादन पूर्ण व्हायला २०२४ उजाडलं. ज्यांची जमीन जायची त्यांनी हरकत घेणं हा त्यांचा हक्कच होता. ती हरकत वेळापत्रक जाहीर करण्याआधी हिशेबात धरली नाही, ही चूक नियोजनाची.

उत्पादन सुरू झाल्यावर

समजा, आपल्या चाकणच्या कारखान्याला ऑर्डर मिळाली. आता परीक्षा सुरू होते ती ‘फोर एम’ची: माणूस, मशिन, माल आणि पद्धत. यांपैकी काहीही बदललं तर ते ग्राहकाला आधी कळवून मंजुरी घ्यायची, असा नियम जपानी पुरवठा साखळीत असतो. आपल्याकडे नेहमीच्या पुरवठादाराकडे स्टीलचा बार मिळाला नाही, की दुसऱ्याकडून उचलून लाइन चालू ठेवतात आणि वेळेवर माल दिल्याबद्दल शाबासकीची वाट पाहतात. माल तपासणीत उतरला, तरी जपानी ग्राहकाच्या लेखी हा विश्वासभंग असतो. त्याने ज्या प्रक्रियेला मंजुरी दिली होती, तिच्यातून हा माल आलेलाच नाही.

याला जोडूनच येते ‘होरेन्सो’ ही शिस्त: घडलेलं वरिष्ठाला सांगणं, संबंधितांना कळवणं आणि ठरवण्याआधी सल्ला घेणं. यात वाईट बातमी सर्वांत आधी सांगायची असते. आपल्या कारखान्यात सुपरवायझर बिघाड आधी स्वतः दुरुस्त करायला बघतो आणि नाही जमलं तरच साहेबांना सांगतो. साहेब ओरडतील ही भीती त्यामागे असते, तशी ‘उगाच त्यांना कशाला त्रास’ ही सद्भावनाही असते. पण मंगळवारी झालेला बिघाड शुक्रवारी कळला, तर ग्राहकाची असेंब्ली लाइन सोमवारी थांबते. जपानी व्यवस्थापक त्या बिघाडाबद्दल एकदा रागावेल. तीन दिवस लपवल्याबद्दल वर्षभर विसरणार नाही.

रिजेक्शन आलं, की पाच वेळा ‘का?’ विचारून कारणाच्या मुळाशी जायचं असतं. ‘ऑपरेटरची चूक’ हे उत्तर तिथे चालत नाही. ऑपरेटरला चूक करता आली, अशी व्यवस्था का होती, हा पुढचा प्रश्न तयार असतो.

एका छताखाली: मारुती

दोन पद्धती एकाच कंपनीत नांदू शकतात का, याचं सर्वांत मोठं भारतीय उदाहरण गुरगावचं. मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार ऑक्टोबर १९८२मध्ये झाला. सुझुकीचा हिस्सा सुरुवातीला २६ टक्के होता. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ला ग्राहकाच्या हाती पडली. करारापासून गाडीपर्यंत सव्वा वर्षही लागलं नाही. सुझुकीचे प्रमुख ओसामु सुझुकी स्वतः वाटाघाटीत उतरणारे, झटपट ठरवणारे गृहस्थ होते. सगळे जपानी ठरावाच्या कागदाआडच बसतात असं मानणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहावं.

कारखान्यात कामगारापासून व्यवस्थापकीय संचालकापर्यंत एकच गणवेश, एकच कॅन्टीन, भिंती नसलेलं कार्यालय आणि पाळी सुरू होण्याआधी व्यायाम, अशा प्रथा आल्या. ज्या देशात साहेबाची केबिन, साहेबाचा शिपाई आणि साहेबाचा वेगळा डबा यांवरून माणसाचा हुद्दा कळायचा, तिथे हे पचायला वेळ लागला. वरिष्ठांनी स्वतः रांगेत उभं राहून दाखवलं तेव्हा ते रुजलं.

पण गणवेश एक झाला म्हणून हितसंबंध एक होत नाहीत. १९९७मध्ये व्यवस्थापकीय संचालकाच्या नेमणुकीवरून सरकार आणि सुझुकी यांच्यात उघड तंटा झाला आणि पुढच्या वर्षी तो मिटवावा लागला. मानेसरच्या कारखान्यात २०११मध्ये वारंवार संप झाले आणि १८ जुलै २०१२च्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा जीव गेला. कामगारांच्या तक्रारींत नव्या संघटनेच्या मान्यतेचा प्रश्न होता, कंत्राटी आणि कायम कामगारांच्या पगारातली दरी होती आणि चहाच्या सुट्टीच्या मोजक्या मिनिटांचाही मुद्दा होता. जपानी शिस्त उचलली, पण जपानमध्ये त्या शिस्तीला कामगाराच्या दीर्घकाळच्या नोकरीचा आधार होता. कंत्राटी कामगाराला शिस्त तेवढी मिळाली, आधार मिळाला नाही.

कार्यालयातही असाच ताण दिसतो. जपानी कंपनीत बढती सावकाश, सेवेच्या वर्षांनुसार होते. आपल्या तरुण इंजिनिअरला दोन वर्षांत पुढचं पद हवं असतं. ते नाही मिळालं तर जपानमध्ये घेतलेलं प्रशिक्षण बायोडेटात लिहून तो दुसरीकडे जातो. जपानी व्यवस्थापकाला ही कृतघ्नता वाटते, इंजिनिअरला ती साधी प्रगती वाटते. उलट, जपानी व्यवस्थापक काही वर्षांनी बदलून जातो तेव्हा जाण्याआधी जागी येणाऱ्याची ओळख करून देतो आणि सगळ्या नोंदी त्याच्या हवाली करतो. नातं कंपनीशी आहे असं तो मानतो. आपण मात्र ‘आमचे साहेब गेले’ म्हणून हळहळतो आणि नव्याशी पहिल्यापासून सुरुवात करतो.

आकडे आणि त्यांची मर्यादा

डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून १९८०मध्ये संस्कृतींची तुलना मांडली. त्यांच्या मोजपट्टीत सत्तेची उतरंड मान्य करण्यात भारताचे गुण ७७, तर जपानचे ५४. अनिश्चितता टाळण्याच्या बाबतीत जपान ९२ आणि भारत ४०. आपण साहेबाकडे बघतो आणि ते कार्यपद्धतीकडे बघतात, याला हे आकडे दुजोरा देतात. पण ही सरासरी आहे. ओसाकाचा व्यापारी, टोकियोचा बँकर आणि हामामात्सूचा कारखानदार यांना एका आकड्यात कोंबता येत नाही, तसंच लुधियाना आणि इचलकरंजीलाही.

शिवाय जपानी पद्धत निर्दोषही नाही. सगळ्यांची संमती हवी, या नियमाखाली विरोधी मत दबूनही जातं. तोशिबाने वर्षानुवर्षं नफा फुगवून दाखवल्याचं २०१५मध्ये उघड झालं. वरिष्ठांच्या इच्छेविरुद्ध जाता येत नाही अशी कंपनीची संस्कृती बनली होती, असं चौकशी समितीने म्हटलं. डिसेंबर २०२३मध्ये दाइहात्सूला सुरक्षा चाचण्यांतल्या गैरप्रकारांमुळे सगळ्या गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. अशा वेळी बैठकीत आवाज चढवणारा एखादा भारतीय तिथे असता तर बरं झालं असतं.

आणि ही शिस्त रक्तात घेऊन कुणी जन्माला येत नाही. जपानने गुणवत्तेचे धडे १९५०मध्ये डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाकडून घेतले आणि पुढच्या वर्षी त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केलं. तेच पारितोषिक २००३मध्ये महिंद्रा अँड महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने मिळवलं. ते मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी होती.

तेव्हा जपानी ग्राहकाकडे जाणाऱ्या मराठी उद्योजकाने जपानी होण्याची गरज नाही. परवडेल तोच दर पहिल्यांदा सांगा. शंका, अटी आणि अडचणी ठराव फिरायच्या आधी टेबलावर ठेवा. टिपणं काढणाऱ्या कनिष्ठ इंजिनिअरला त्यांच्या ज्येष्ठ माणसाइतक्याच गांभीर्याने उत्तर द्या. वाईट बातमी त्याच दिवशी कळवा. आणि मालकाऐवजी गुणवत्ता व उत्पादन सांभाळणारे आपले लोक बैठकीला बसवा, कारण पुढची कित्येक वर्षं हा ग्राहक त्यांनाच सांभाळायचा आहे.